चरख्याचे तेलपाणी

आमच्या घरात ऐतिहासिक म्हणता येईल अशी एकच वस्तू आहे आणि ती माळ्यावर असते. तसा आमचा फ्रीजही ऐतिहासिकच आहे, पण तो स्वयंपाकघरात असल्यामुळे त्याच्याविषयी जाहीरपणे बोलण्याचा अधिकार मला नाही. माळ्यावरची वस्तू म्हणजे आजोबांचा पेटीचरखा. मोडका स्टोव्ह, तीन पायांचा पाट, आमच्या लग्नात आहेर म्हणून आलेली आणि पुढे कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून द्यायची राहून गेलेली दोन भिंतीवरची घड्याळे, या सगळ्यांच्या मागे तो वर्षानुवर्षे निवांत पडून होता. मीही निवांत होतो.

एका सप्टेंबरात माझी मुलगी शाळेतून आली ती घोषणा करीतच.

“बाबा, गांधीजयंतीला शाळेत प्रदर्शन आहे. मी सांगून टाकलंय, आमच्याकडे खरा चरखा आहे आणि तो चालतो.”

“आहे हे खरं,” मी म्हणालो, “पण चालतो हे कुणी सांगितलं तुला?”

“तूच म्हणतोस ना, आमच्या वेळच्या वस्तू बघा, अजून चालतात!”

मुलांसमोर बोललेले वाक्य हे सही केलेल्या चेकसारखे असते. कधी वटायला येईल सांगता येत नाही.

मी बी.कॉम. आहे आणि बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसतो आहे. एवढ्या नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो. जे काम अंगावर आले आहे पण करायचे नाही, त्याची आधी फाइल उघडावी. म्हणून चरख्याला हात लावण्याआधी मी चरख्याचा इतिहास वाचायला घेतला.

आणि पहिल्याच पानावर दचकलो. चरखा हा थेट वेदकाळापासून आपल्याकडे घरघरतो आहे अशी माझी समजूत होती. इतिहासकार म्हणतात, तसे नव्हे. आपल्याकडे चरख्याचा पहिला स्पष्ट उल्लेख सापडतो तो १३५० साली, इसामी नावाच्या कवीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या फारसी काव्यग्रंथात. हा इसामी मूळचा दिल्लीकर. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हजारो दिल्लीकरांबरोबर त्याचीही आपल्या मराठवाड्यात बदली झाली. ती बदली रद्द करून घेण्याइतकी ओळख वरती नसावी. पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयाने त्याने हा ग्रंथ लिहिला. मनाविरुद्ध बदली झालेल्या माणसाचा स्वभाव कसा होतो हे आमच्या शाखेत कुणालाही विचारा. इसामीने शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या रझिया सुलतानेला धरले आणि शेरा मारला, की बाईने तख्तावर बसण्यापेक्षा चरख्यापाशी बसावे. म्हणजे आपल्या इतिहासात चरखा पहिल्यांदा येतो तोच मुळी एका बाईला गप्प बसवायला. हे वाक्य मी माझ्या बायकोला वाचून दाखवले नाही. इतिहासाचा अभ्यास सावधपणे करावा लागतो.

आपल्या जुन्या मराठीत चरख्याला ‘रहाट’ म्हणत. विहिरीवरचाही रहाटच आणि सुताचाही रहाटच. दोन्ही फिरवायचे काम घरच्या गरिबांकडे, त्यामुळे शब्द वेगळा करायची गरज कुणाला वाटली नसावी. हल्ली आमच्याकडे चरखा म्हटले की लोक उसाचा रस मागतात.

मग इंग्लंडात गडबड सुरू झाली. १७६४ च्या सुमारास हारग्रीव्हज नावाच्या माणसाने एका चाकावर अनेक चात्या फिरवणारी ‘स्पिनिंग जेनी’ काढली. १७६९ साली आर्कराइटने पाण्यावर चालणारे यंत्र काढले, १७७९ साली क्रॉम्प्टनने या दोहोंचा संकर केला. गिरणीचे सूत बोटीत बसून आपल्याकडे आले आणि घरोघरचे रहाट हळूहळू मुके झाले. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा घाट घातला, दोनच वर्षांत तिचे धुराडे पेटले. काळाचा महिमा असा, की ज्या गिरण्यांनी चरखा माळ्यावर पाठवला त्याही पुढे माळ्यावरच गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचे भोंगे असे थांबले, की आज तिथे मॉल आहेत आणि त्यांत खादीचा कुडता मिलच्या कुडत्यापेक्षा महाग मिळतो.

आता गांधीजी. गांधीजी आणि चरखा ही जोडी आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे, की ते जन्मतःच सूत काढीत असावेत असे वाटते. प्रत्यक्षात १९०९ साली बोटीत बसून ‘हिंद स्वराज’ लिहिताना त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर हातमाग आणि चरखा हा उपाय सांगितला, तेव्हा त्यांनी या दोहोंपैकी काही पाहिल्याचे त्यांनाच आठवत नव्हते. हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतः कबूल केले आहे. तारण न बघता कर्ज मंजूर करण्याचा हा प्रकार. आमच्याकडे असे झाले तर चौकशी बसते. पण कर्ज मंजूर करून हा माणूस थांबला नाही, तारण शोधायला निघाला.

१९१५ साली ते हिंदुस्थानात परतले आणि पाहतात तो चरखा कुठेच नाही. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत त्यांना गंगाबेन मजमुदार या धडाडीच्या बाई भेटल्या. गंगाबेननी शोधायचे कबूल केले आणि गुजरातभर हिंडून अखेर बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी चरखे शोधून काढले. कुठे होते म्हणता? लोकांच्या माळ्यावर! अडगळ म्हणून टाकलेले. पेळू नियमित मिळत असतील आणि सूत कुणी विकत घेत असेल तर आम्ही चरखे खाली काढतो, असे तिथल्या लोकांनी सांगितले. हे वाचल्यावर मला माझ्या माळ्याविषयी एकदम आदर वाटू लागला. स्वातंत्र्याच्या चळवळीचे इतके मोठे भांडवल या देशाने माळ्यावर सांभाळले होते आणि आमच्या बायका दर दिवाळीला ‘माळा रिकामा करा’ म्हणतात!

पेळू आधी मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पुरवले. पण गिरणीचेच पेळू घ्यायचे तर गिरणीचे सूत घ्यायला काय हरकत, असा प्रश्न गांधीजींना पडला आणि मग पिंजाऱ्याचा शोध सुरू झाला. आश्रमात मगनलाल गांधींनी चरख्याच्या सुधारणेला वाहून घेतले. मुंबईत लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनात गांधीजी आजारी असताना त्यांच्या खोलीत चरखा फिरू लागला, आणि त्या गुणगुणण्याने आपण बरे झालो असे त्यांनी लिहून ठेवले आहे. या मुद्द्यावर मात्र मी पुढे अडखळलो. आमचा चरखा गुणगुणला नाही, किंचाळला.

पण ते पुढे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी आयुष्यात अध्यक्षपद भूषवलेले हे एकच अधिवेशन. तिथे असे ठरले, की काँग्रेसचे सभासद व्हायचे तर वर्षाचे चार आणे नकोत, दरमहा दोन हजार वार सूत द्या. स्वतः कातलेले द्या नाहीतर दुसऱ्याने कातलेले. दोन हजार वार म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर. कल्पना करा, दरमहा प्रत्येक सभासदाकडून पावणेदोन किलोमीटर लांबीची वर्गणी जमा करायची, ती मोजायची, तोलायची आणि पावती द्यायची! त्या काळी पक्षाच्या कचेरीत जो कोणी कारकून असेल त्याला माझा नमस्कार. आम्ही फाटक्या नोटांना कंटाळतो, त्याने गुंतलेल्या गुंड्या मोजल्या असतील. वर्ष संपायच्या आत, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला, पुन्हा चार आण्यांचा पर्याय खुला झाला. तिथेच अखिल भारतीय चरखा संघ निघाला. ज्याचे काम त्याने करावे हा नियम राजकारणात इतक्या लवकर क्वचितच कळतो.

या चरखा संघाने १९२९ साली एक बक्षीस जाहीर केले आणि इथे माझ्यातला वाणिज्य शाखेचा पदवीधर ताठ बसला. बक्षीस होते रोख एक लाख रुपये. १९२९ चे एक लाख! कशासाठी, तर खेड्यातल्या झोपडीत चालेल अशा सुधारलेल्या चरख्यासाठी. अटी अशा, की यंत्र हलके हवे, हातापायाने चालवता यायला हवे, बाईमाणसाला फार न दमता आठ तास त्यावर काम करता यायला हवे, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. इथपर्यंत कुणीही लिहील. पण पुढची अट वाचा. वेळच्या वेळी देखभाल केली तर चरखा निदान वीस वर्षे न थांबता चालला पाहिजे आणि दरवर्षी झिजलेले भाग बदलायचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये!

वीस वर्षे आणि पाच टक्के! वाचकहो, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मला घसाऱ्याच्या गणिताने घाम फोडला होता. वीस वर्षे आयुष्य असलेल्या यंत्राचा सरळ रेषा पद्धतीने वार्षिक घसारा किती? पाच टक्के. हे गणित आम्हाला कारखान्याच्या यंत्रावर शिकवले, म्हणून डोक्यावरून गेले. चरख्यावर शिकवले असते तर माझा वर्ग सुधारला असता. दीडशेचे पाच टक्के म्हणजे वर्षाला साडेसात रुपये. चरख्याच्या नशिबी ही साडेसाती अशी लेखी करारानेच आली.

देशोदेशीच्या कारागिरांना खुले असलेले ते बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. एक लाख रुपये वाचले. पण मला त्या अटीतला माणूस आवडला. क्रांती करायला निघालेले लोक सहसा तेलाचा विचार करीत नाहीत. राज्य उलथायचे ठरते, नवे यंत्र यायचे ठरते, त्याचे उद्घाटन होते, फोटो निघतो. दुसऱ्या वर्षी त्याच्या चाकाला तेल कोण घालणार आणि ते कुणाच्या खर्चाने, हे ठरावात लिहिणारा माणूस दुर्मिळ.

आमचा चरखा मात्र बक्षिसाच्या रांगेतला नव्हे, तो तुरुंगातला. म्हणजे त्याचे घराणे तुरुंगातले. १९३० ते १९३३ या काळात गांधीजींचा मुक्काम बराचसा पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात असे. तिथे पेटीत मावणारा चरखा रूढ झाला, म्हणून त्याचे नावच ‘येरवडा चक्र’ पडले. तुरुंगाच्या नावाने ओळखली जाणारी आणि तरीही लोक घरात कौतुकाने ठेवतात अशी दुसरी वस्तू माझ्या माहितीत नाही. मोठ्या उभ्या चरख्याचे अवाढव्य चाक जाऊन इथे दोन आडवी चाके आली. मूठ मोठ्या चाकाला. त्यावरून दोरी, म्हणजे माळ, निघते ती धाकट्या चाकाच्या कप्पीवर. धाकट्या चाकावरून दुसरी माळ निघते ती चातीवर, म्हणजे त्या टोकदार लोखंडी काडीवर. मोठे चाक एकदा फिरले की धाकटे बऱ्याच वेळा फिरते आणि चाती तर गरगरतेच. आमच्या बँकेची रचना हीच आहे. हेड ऑफिस एक फेरा मारते, विभागीय कार्यालय चार मारते आणि काउंटरवरचा क्लार्क शंभर. फक्त आमच्याकडे तेल कुणाला घालायचे याचा क्रम उलटा आहे.

एवढा इतिहास होईस्तोवर सप्टेंबरची पंचवीस तारीख उजाडली. मुलीने कॅलेंडरवर लाल वर्तुळ काढले. फाइल बंद करून मी स्टुलावर चढलो.

पेटी उतरवली, उघडली. आत दोन चाके, वाकलेली चाती, वाळून कडक झालेली माळ आणि झाकणाच्या खोबणीत एक लांबट वही. वही आजोबांची. तारीख, तार, शेरा असे तीन रकाने. चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, हा हिशेब पहिल्याच पानावर लिहिलेला. रोजची नोंद एकशेसाठ तारांची. आजोबा १९३० साली अठरा वर्षांचे होते, तेव्हापासून १९९२ मध्ये जाईपर्यंत त्यांनी रोज सूत काढले, ताप असला तरी. ही वही शेवटची. दर शनिवारी नेहमीच्या आकड्याखाली ‘सू.’ असे अक्षर आणि पुढे तीस, चाळीस, पन्नास असा काहीतरी निराळा आकडा होता. ‘सू.’ म्हणजे सूट असावी असे मी धरून चाललो. शनिवारी आम्हालाही पूर्वी अर्धा दिवस सूट असे. वही बाजूला ठेवली.

मग मी चरखा साफ केला. साफ केला म्हणजे काय, ओल्या फडक्याने खसाखसा पुसला. त्यानंतर तेल. घरात खोबरेल होते. तेल जितके जास्त तितके यंत्र खूश, या साध्या विचाराने मी चाकांच्या आसांना घातले, चातीला घातले, मुठीला घातले, चाकाच्या खाचेत घातले आणि उरले ते नव्या आणलेल्या दोरीला चोळले. हनुमंताला अभिषेक झाल्यासारखी पेटी चमकू लागली. मूठ धरून फिरवली. पहिल्यांदा एक लांब किंकाळी आली. मग मोठे चाक छान फिरू लागले. धाकटे जागेवर. चाती तर समाधीत.

जोर लावला. मोठे चाक अधिक वेगाने फिरले. बाकी सगळे स्थिर. मघाशी बँकेची उपमा दिली ती इथे फारच तंतोतंत लागू पडली.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, “साहेब, ह्याची चेन कुठाय?”

परत आलो. या काळात आई पलंगावर बसून पेपर वाचत होती. आईचे वय चौऱ्याहत्तर. चष्म्यावरून बघत ती म्हणाली, “माळेला तेल घातलंस?”

“हो. चांगलं दोन वेळा.”

“मग फिरेल कशी? निसटणारच. उद्या पोळपाटाला तेल लावून पोळी लाटशील!”

मी म्हटले, “तुला काय माहीत गं त्यातलं? तू कधी कातताना मी पाहिलं नाही.”

“काततच नव्हते मी,” आई म्हणाली, “आण इकडे.”

पुढचा तास मी निव्वळ शिपायाचे काम केले. आईने प्रथम माळा काढून टाकायला लावल्या. रॉकेल आता घरोघर मिळत नाही, तेव्हा बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातून मशीनचे तेल निघाले. काडीला कापूस गुंडाळून त्याच तेलाने तिने आसावरचा जुना चिकटा मऊ करून पुसून काढला. खाण्याचे तेल दिवस गेले की वाळून डिंकासारखे होते, त्यात कापसाची तुसे बसतात, आणि चाक जड होते. मी घातलेले खोबरेलही थंडीच्या दिवसांत गोठलेच असते. चाकांच्या खाचा तिने कोरड्या फडक्याने इतक्या पुसल्या, की तेलाचा वासही राहू नये. खाच आणि माळ कोरडीच हवीत, कारण सगळा कारभार पकडीवर चालतो.

मग चाती. बारीक राखेने घासून तिचा गंज काढला. आणि नंतर तिने काय करावे? चाती पोळपाटावर ठेवून हलकेच तळव्याने लाटली! जिथे वाकली होती तिथे ती उड्या मारू लागली. तेवढी जागा वर करून आईने लाकडी लाटण्याने दोनचार टिचक्या दिल्या, पुन्हा लाटून पाहिली, पुन्हा टिचकी. “चाती वाकडी असली की थरथरते, थरथरली की तार तुटतो,” आई म्हणाली. इंजिनिअरिंगचे कॉलेज न बघितलेल्या बाईने पोळपाटावर शाफ्ट सरळ केला होता.

सुताचे आठ पदर वळून नवी माळ केली, तिला मेणाचा हात दिला म्हणजे धागे पिंजत नाहीत आणि दमट हवेत माळ फार आखडत नाही. शेवटी तेल. प्रत्येक आसाला एक थेंब, चाती टेकते तिथे दोन्ही बाजूंना एकेक थेंब, मुठीच्या खिळ्याला एक. मी मोजले, सगळे मिळून पाच थेंब. मी पाऊण वाटी ओतली होती.

आईने मूठ फिरवली आणि चरखा गुणगुणला. मणिभवनात तो कसा वाजत होता ते त्या क्षणी मला कळले.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कोण शिकवणार? लग्न होऊन आले तर घरात दोन नियम. मामंजी रोज कातणार, आणि कातताना चरखा कुरकुरला तर त्या दिवशी घरात कुणाचं खरं नाही. तुझे बाबा तर चरख्याच्या वाटेला जायचे नाहीत. मग शनिवारी मारुतीला तेल घालून आले की उरलेलं... देवाचं नव्हे हं, मशीनचं तेल, ते चरख्याला. मामंजी तेव्हा बाजारात गेलेले असायचे.”

“आणि त्यांना कधी कळलं नाही?”

“कसं कळेल? तेल घातलेलं दिसत नाही. न घातलेलं ऐकू येतं.”

हे वाक्य आमच्या हाउसकीपिंगच्या सर्क्युलरमध्ये छापावे असे आहे.

“चाललं की नाही ते बघायला थोडं कातून बघावं लागायचं,” आई जरा वेळाने म्हणाली. “पेळू त्यांच्याच पेटीतला. बघता बघता हात बसला. एक गंमत सांगू? पुढे पुढे शनिवारी पेटीत एकदोन पेळू जास्तच असायचे. मला वाटायचं, मामंजींचं मोजायचं चुकलं.”

दोन ऑक्टोबरला चरखा शाळेत गेला आणि चालला. तिथे मुलांना झेंड्याची गोष्टही सांगितली गेली. स्वराज्याच्या झेंड्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने राष्ट्रध्वज ठरवला तेव्हा चाक राहिले, माळ आणि चाती गेली. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा आणि चरखा एका बाजूने उलटा दिसतो, असे कारण नेहरूंनी सभेत सांगितले. अशोकचक्राला माळ नाही, चाती नाही, तेव्हा तेलाचा प्रश्न कायमचा मिटला. एका पालकांनी फोनवर शोधून सांगितले, की येरवड्यात गांधीजींनी वापरलेला एक पेटीचरखा नोव्हेंबर २०१३ मध्ये इंग्लंडात लिलावात निघाला आणि एक लाख दहा हजार पौंडांना गेला. तेव्हाच्या दराने एक कोटीच्या वर! मुलगी घरी येऊन विचारू लागली, आपल्याचे किती येतील? मी म्हटले, दीडशे रुपये, आणि वीस वर्षे केव्हाच उलटली, तेव्हा पुस्तकी किंमत शून्य.

त्या रात्री मी वही पुन्हा काढली. हिशेब अर्धवट ठेवून मला झोप येत नाही. ‘सू.’ म्हणजे सूट, हे काही जुळेना. सूट असेल तर आकडा कमी व्हायला हवा, इथे शनिवारी तो जास्त. आणि मध्येच तीनतीन, चारचार महिने ‘सू.’ नाहीच. त्यातला एक काळ माझ्या जन्माचा निघाला, एक धाकट्या बहिणीच्या. मग १९८४ च्या दिवाळीतली शेऱ्याच्या रकान्यातली ओळ दिसली. ‘सू. च्या खाती जमा गुंड्या भांडारात दिल्या. पातळ १ आणले.’

मी पेन्सिल घेतली आणि सगळे शनिवार बेरजेला लावले. दोनदा केली बेरीज. २८,१७२ तार. म्हणजे ४४ गुंड्या आणि वर १२ तार. आजोबांनी सुनेचे वेगळे खाते उघडले होते, आणि सतरा वर्षांत एकाही शनिवारचे सूत स्वतःच्या नावावर जमा केले नव्हते. पण तिला पासबुक कधी दिले नाही. का दिले नाही, हे त्यांनाच माहीत. त्या काळचे सासरे. एक पेळू जास्त ठेवतील, पण ‘सूत छान आहे’ हे तीन शब्द तोंडाने उच्चारणार नाहीत.

सकाळी आई देवाची फुले निवडत होती. मी वही तिच्यासमोर ठेवली आणि सगळे वाचून दाखवले. ती बराच वेळ त्या ‘सू.’ वरून बोट फिरवीत राहिली.

“ते पातळ!” ती म्हणाली. “इतकं जाड होतं रे. मला वाटलं, मामंजींनी स्वस्तात बघून आणलं. मी ते दोनदाच नेसले आणि गोधडीला आतून लावलं.”

गोधडी अजून घरात आहे. ती माझ्याच अंगावर असते.

मी म्हटले, “आई, हा बघ नमुना. १२ मे १९७९, सू. चाळीस. १९ मे, सू. चाळीस. २६ मे, सू. चाळीस.”

आईने वही जवळ ओढली, चष्मा सारखा केला आणि बावीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही ऑडिटरच्या चेहऱ्यावर मी पाहिली नाही इतक्या बारकाईने तो रकाना वरपासून खालपर्यंत तपासला.

“चाळीस?” ती म्हणाली. “छे! पन्नासच्या खाली मी कधी उठले नाही. दर वेळी दहा खाल्ले मामंजींनी.”

आणि चष्म्याखालून पदर फिरवत तिने मला विचारले, “आज शनिवार ना रे? तेलाची बाटली आण.”